ठासणीची बंदूक व मृगया : पुणे–चाकण परिसर

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाच्या बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. काडतुसाची बंदूक प्रचारात येईपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, महाराष्ट्रातील बंदुकीची सर्व शिकार याच शस्त्राने होत असे. त्यानंतरही खेड्यापाड्यांतून, विशेषतः कोकणात व घाटमाथ्यावर, तिचा वापर दीर्घकाळ टिकून राहिला. या शस्त्राने केलेल्या हरणाच्या शिकारीचा इतिहास पाहण्यास पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग सोयीचा आहे. पवना, इंद्रायणी, भामा व भीमा या नद्या येथे सह्याद्रीच्या सदापर्णी अरण्यातून निघून काही कोसांतच कोरड्या माळावर उतरतात. त्यामुळे अरण्यातील मृग आणि माळावरील कुरंग अशी दोन्ही प्रकारची जनावरे एकाच मुलखात सापडत. मध्ययुगीन किल्ला, इंग्रजी छावणी, दारूगोळ्याचा कारखाना आणि आजची पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक वसाहत ही सर्व याच भूमीवर एकामागून एक उभी राहिली.

मराठीत ‘हरिण’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्राणिविज्ञानाच्या दृष्टीने सांबर, चितळ व भेकर हे खरे मृग होत. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असून ती ठराविक काळाने गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट व चिंकारा यांची शिंगे पोकळ व कायमची असतात. ते कुरंग या गटात मोडतात. भीमाशंकरच्या रानातील पिसोरी या दोहोंतही बसत नाही. शिकाऱ्याला मात्र या भेदाचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटे. सांबर व भेकर झाडीत राहतात, पहाटे व सायंकाळी बाहेर पडतात, आणि भेकर तर संशय येताच कुत्र्यासारखे भुंकून सारे रान जागे करते. काळवीट व चिंकारा उघड्यावर चरतात, दुरून पाहतात आणि धावण्यावर विसंबतात. एकाच्या बाबतीत अडचण दिसण्याची, तर दुसऱ्याच्या बाबतीत जवळ जाण्याची. ठासणीच्या बंदुकीचा पल्ला पाहता दुसरी अडचण अधिक मोठी होती.

या प्रदेशातील प्राण्यांची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केली. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून काही वर्षे तो दख्खनमध्ये फिरला आणि १८३१ मध्ये त्याने येथील सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेपुढे मांडली. चिंकाऱ्याच्या शास्त्रीय नावापुढे आजही साइक्सचे नाव व १८३१ हे साल लिहिले जाते. म्हणजे हा प्राणी विज्ञानाला ज्ञात झाला तो दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवरून. काळविटांचे कळप मैदानात आणि चिंकारे मात्र टेकड्यांवर दोन-चारच्या टोळीने, हा त्याने पाहिलेला फरक आजही लागू पडतो. त्या काळच्या निसर्गशास्त्रज्ञांचे नमुने बहुधा बंदुकीनेच मिळविलेले असत, आणि ती बंदूकही ठासणीचीच होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शस्त्र : हिंदुस्थानात सर्वांत अधिक काळ टिकलेला प्रकार तोडेदार बंदुकीचा होय. सोऱ्यात भिजवून वाळविलेली सुती दोरी म्हणजे तोडा. तो पेटता ठेवून चापाबरोबर खाली आणला, की नळीच्या बाजूस असलेल्या खोलगट भागातील बारीक दारू, म्हणजे रंजक, पेट घेई व छिद्रावाटे ज्योत आतील बारापर्यंत पोचे. पोर्तुगीज गोव्यात आल्यानंतर ही विद्या पश्चिम किनाऱ्यावर झपाट्याने वाढली. गोव्यातील कारागिरांच्या बंदुकांची तारीफ सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खुद्द अल्बुकर्कने आपल्या राजाकडे केली होती. मराठीतील ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. पुढे यूरोपात गारेच्या ठिणगीवर चालणारी चापाची बंदूक रूढ झाली, तरी दख्खनमधील गावठी शिकारी व शिपाई तोड्यालाच चिकटून राहिले. त्यास केवळ जुन्याची आवड हे कारण नव्हते. चांगली गार सहज मिळत नसे, चापाची कमान बिघडल्यास गावच्या लोहाराला ती दुरुस्त करता येत नसे; तोडा मात्र घरी वळता येई. देशी बंदुकीची नळी लांब व जाड असल्याने तिचा नेम पलटणीच्या आखूड बंदुकीपेक्षा अनेकदा सरस ठरे.

दारूचे घटक सोरा, कोळसा व गंधक हे होत. यूरोपीय पद्धतीत त्यांचे वजनी प्रमाण ७५ : १५ : १० असे स्थिर झाले होते, देशी दारू जागोजागी वेगळी व सामान्यतः मंद असे, म्हणून तिचा बार मोठा भरावा लागे. प्रमाण ठरविण्याचा एक जुना व अनेक देशांत प्रचलित असलेला अदमास असा, की गोळी तळहातावर ठेवून ती झाकली जाईल इतकी दारू ओतावी. नळीचे माप गोळ्यांच्या वजनावरून सांगत : एक पौंड शिशाच्या समान बारा गोळ्या केल्यास त्यांतील एक गोळी जिच्यात बसेल ती बारा बोअरची नळी, व तिचा व्यास सु. १८·५ मिमी. भरतो. साध्या गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी पन्नास-साठ पावलांपलीकडे भरवशाची नसे. नळीच्या आतून सर्पिल खाचा पाडल्यास गोळीला गिरकी मिळून ती सरळ जाते, हे तत्त्व यूरोपात फार पूर्वीपासून ठाऊक होते. अशा नळीच्या बंदुकीस रायफल म्हणतात. तिच्यात गोळी तेलकट कापडाच्या वा पातळ कातड्याच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट ठासावी लागे. भरण्यास वेळ लागे, पण पल्ला दुप्पट होई. शिकाऱ्याला ही देवाणघेवाण परवडणारी होती; रणांगणावरील शिपायाला ती परवडत नसे.

शिकारीच्या बंदुकीला केवढी प्रतिष्ठा होती याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अकबराच्या ‘संग्राम’ या बंदुकीचे आहे. चितोडच्या वेढ्यात जयमल याच बंदुकीने पडला असे मानले जाते. ‘आईन-इ-अकबरी’ त या एका बंदुकीने बादशहाने १,०१९ जनावरे मारल्याची नोंद आहे. चाकणच्या भुईकोट किल्ल्याचे नावही संग्रामदुर्ग असावे, हा अर्थात योगायोगच. पण त्या किल्ल्याने ठासणीच्या शस्त्राची मर्यादा चांगलीच पाहिली. १६६० च्या जूनमध्ये शायिस्ताखानाने त्यास वेढा घातला आणि ऐन पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा याने तो सुमारे दोन महिने झुंजविला. चिखलात, ओल्या दारूनिशी व विझणाऱ्या तोड्यांनिशी दोन्ही पक्ष लढत होते. अखेर भुयार खणून त्यात सुरुंग उडविल्यावरच बुरूज ढासळला व ऑगस्टमध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. पावसाळ्यात बंदूक टांगून ठेवावी, हे शिकाऱ्यांनाही ठाऊक असलेले सत्य होते. त्यांचा हंगाम सुगीनंतर सुरू होई व उन्हाळ्यात, पाणवठे आटल्यावर, ऐन भरात येई.

पहिली शिकार : ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. हे वरवर पाहता यांत्रिक वैशिष्ट्य. परंतु शिकारीचे सारे शास्त्र व नवशिक्याचे सारे शिक्षण त्याभोवतीच रचले गेले होते. गोळी चुकली तर दुसरी भरण्यास सरावलेल्या हातालाही अर्धे मिनिट व बहुधा त्याहून अधिक वेळ लागे, आणि तेवढ्यात काळवीट दृष्टीआड होई. त्यामुळे नवशिक्याला प्रथम बंदूक चालविण्यास नव्हे, तर न चालविण्यास शिकविले जाई.

माळावर त्याने पहिल्याने वारा पाहावयाचा : चिमूटभर धूळ सोडून ती कोठे वाहते हे पाहून, वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशी वाट धरावयाची. तोडेदार बंदुकीच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट आवश्यक होती, कारण माणसाच्या वासाच्या जोडीला जळत्या दोरीचा वासही असे. पुढची गोष्ट आडोशाची. कळप एकाच वेळी सर्व दिशांना पाहत असतो. नर मस्तीत असला, तरी कडेची एखादी मादी मान वर करून उभी असतेच. तिने मान खाली घातली की पुढे सरकावयाचे आणि ती वर झाली की दगड होऊन राहावयाचे. बैलाच्या आडून जाण्याची युक्ती दख्खनमध्ये सर्वत्र माहीत होती, कारण माळावर चरणाऱ्या गुरांना हरणे बुजत नाहीत. अशा रीतीने दोनशे पावलांचे अंतर साठवर आणण्यास एखादे वेळी सारी सकाळ जाई.

नेमाची जागा ठरलेली असे. जनावर आडवे उभे असावे, व गोळी पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात बसावी. समोरून वा मागून बार टाकू नये, धावत्या कळपावर तर मुळीच टाकू नये. कारण शिशाची मऊ गोळी जवळून घातक असली, तरी भलत्या जागी बसल्यास जनावर जखमी होऊन कोसभर जाते आणि तेथे तडफडून मरते. चाप ओढल्यावरही काम संपत नसे. रंजक पेटणे व बार उडणे यांत क्षणाचे अंतर पडे. त्या क्षणी हात हलला तर नेम गेला. रंजकाचा झोत डोळ्यांसमोर उठत असताना न दचकणे हे नवशिक्याला सर्वांत कठीण जाई. कित्येकदा रंजक नुसतेच भुर्रकन जळे व आतील बार मुका राही. ‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आपण आज राजकीय भाषणांना लावतो. त्याच्या मुळाशी असलेली निराशा या शिकाऱ्यांनी प्रत्यक्ष सोसलेली होती.

बार उडाला, की पांढऱ्या धुराचा लोट पुढे पसरून काही काळ काहीच दिसत नसे. जनावर पडले की पळाले हे कळण्यासाठी जुना शिकारी नवशिक्याला जागेवरच बसवून ठेवी. त्यास दोन कारणे होती. एक तर, बंदूक पुन्हा भरल्यावाचून पुढे जाऊ नये असा दंडक होता. दुसरे, जखमी हरणाचा लगेच पाठलाग केल्यास ते भीतीने दूर जाते. थोडा वेळ दिला तर जवळच्या झुडपात बसते. त्यानंतर खुरांचे ठसे, मोडलेले गवत व रक्ताचे थेंब पाहत माग काढावयाचा. रक्त फेसाळ व तांबडेलाल असेल तर गोळी फुप्फुसात, काळसर असेल तर पोटाकडे, हे ज्ञान पुस्तकातून येत नसे. हे काम बहुधा बंदूकवाल्यापेक्षा त्याच्याबरोबरच्या रामोशी, ठाकर, महादेव कोळी वा कातकरी मागकऱ्याचे असे. शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांत गोळी झाडणाऱ्याचेच नाव येते, मागकऱ्याचे क्वचितच. त्या वाङ्‌मयातील हा सर्वांत मोठा अन्याय म्हणावयास हवा. गावच्या हाक्यात मात्र हिशेब अधिक सरळ असे : हाकेकऱ्यांना वाटे मिळत, बार टाकणाऱ्याचा वाटा निराळा निघे, व नवशिक्याचे पहिले जनावर साऱ्या वाडीत वाटले जाई.

बंदुकीवाचून हरिण धरणारेही होतेच. फासेपारध्यांचे कौशल्य फाशाचे होते. त्यांच्या उपजीविकेचा तोच आधार. राजेरजवाडे चित्ता सोडून काळवीट धरीत; कोल्हापूरच्या दरबारात ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती व देशी चित्ता दुर्मिळ झाल्यावर त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले गेले. साताऱ्याचे छत्रपती शाहू यांचा शिकारीचा नाद तर सर्वश्रुत आहे. संगम माहुली येथे त्यांच्या आवडत्या कुत्र्याचे स्मारक दाखविले जाते. पुण्याच्या पेशव्यांचा कल थोडा निराळा होता. सवाई माधवरावाच्या कारकिर्दीत पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता व त्यात नाना प्रकारची जनावरे पाळली होती. त्याच सुमारास पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने वाद्यांच्या सुरावर मोकळ्या रानातून जवळ येणाऱ्या माणसाळलेल्या काळविटांचे वर्णन लिहून ठेवले आहे. ज्या माळांवर बंदूकवाला सकाळभर सरपटत जाई, त्याच माळांवर सनईवाला जागेवर उभा राहून काळवीट बोलावी, ही कथा वाचताना मौज वाटते.

इंग्रजी अमल : ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्याभोवती कायमची छावणी पडली. दापोडीचा कॅप्टन फोर्डचा बंगला पुढे गव्हर्नरचे निवासस्थान झाला. आज दापोडी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. छावणीतील अधिकाऱ्यांना शिकारीचे वेड होते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या मद्रास घोडदळातील अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली ती वाघाच्या शिकारीस गेला असतानाच. त्यांच्या हाती प्रथम चापाच्या व नंतर टोपीच्या बंदुका होत्या. ॲलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग शोधून १८०७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली व रंजक, तोडा आणि गार ही तिन्ही अनावश्यक झाली. फोर्सिथला या शोधाची गरज भासली ती पाणपक्ष्यांच्या शिकारीत. चकमकीचा झोत पाहूनच पक्षी उडून जात असत.

दुसरा एक फोर्सिथ, मध्य प्रांतात नोकरी केलेला जेम्स फोर्सिथ, याने १८६३ मध्ये शिकारी रायफलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मोठ्या व्यासाची गोल गोळी, उथळ खाचा, सावकाश फिरणारे वेढे आणि भरपूर दारू अशी रायफल हिंदुस्थानी रानासाठी उत्तम, असे त्याचे प्रतिपादन होते. ते यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते. परंतु ग्रंथ निघाला तेव्हा ठासणीचे युगच संपत आले होते. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल (व्यास ०·५७७ इंच) ही ब्रिटिश सैन्याची शेवटची मोठी ठासणीची बंदूक. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ चा भडका उडाला. पुढील दशकात मागून भरावयाच्या बंदुका आल्या आणि १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला.

१८५७ नंतरचे निःशस्त्रीकरण व त्यावर शिक्कामोर्तब करणारा १८७८ चा शस्त्रास्त्र कायदा यांमुळे दोन निरनिराळ्या शिकारी निर्माण झाल्या. यूरोपियनांना परवान्यातून सूट होती. त्यांच्याकडे नव्या, जलद भरता येणाऱ्या रायफली आल्या. गावकऱ्याच्या हाती परवाना मिळालाच तर जुनी ठासणीची बंदूक राहिली, आणि बहुतेकांच्या हाती तीही राहिली नाही. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातील धामारी येथून आपल्या मोहिमेस आरंभ केला, तेव्हा त्यांच्या रामोशी साथीदारांजवळ बंदुका थोड्याच होत्या. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. हा प्रश्न स्वाभिमानाचा होता तसा पिकाचाही होता. ज्वारीच्या ताटांत रात्री शिरणारी रानडुकरे व हरणे हाकलावयास कुणब्याजवळ गोफण आणि डबा याखेरीज काही उरले नव्हते. वनखात्याने रानावर घातलेल्या बंधनांची भर त्यात पडली. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्याविषयीची तक्रार आहे.

ऱ्हास व संरक्षण : काळविटांचा ऱ्हास ठासणीच्या बंदुकीने घडविला, असे म्हणणे पुराव्यास धरून होणार नाही. तीनशे वर्षे ती वापरात असताना कळप टिकून होते. एकाच बाराचे, धुराचे व जवळ जाण्याच्या सक्तीचे जे निर्बंध शस्त्रानेच घातले होते ते काडतुसाने सैल केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी, प्रखर दिवे व दूर पल्ल्याची रायफल यांनी ते पुरते नाहीसे केले. पीकसंरक्षणासाठी स्वातंत्र्योत्तर काळात दिलेल्या परवान्यांचा उपयोगही अनेक ठिकाणी पिकापुरता मर्यादित राहिला नाही. गवताळ माळ नांगराखाली आले, कालवे व ऊस आला. ठासणीची बंदूक या आरोपातून अगदी मुक्त आहे असे नव्हे. चोरट्या शिकारीत ती आजही सापडते. परंतु तिचा वाटा लहान आहे.

कायद्याने शिकारीवर क्रमाक्रमाने मर्यादा आणल्या. १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा व मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा यांचा भर हंगाम व परवाने यांवर होता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने काळवीट व चिंकारा यांना पहिल्या अनुसूचीत घालून पूर्ण संरक्षण दिले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार सर्वस्वी बंद झाली. बंदुकीच्या बाजूने १९५९ च्या शस्त्रास्त्र अधिनियमाने परवान्यातील वंशभेद नाहीसा केला. ठासणीच्या बंदुकीस परवाना आवश्यकच राहिला. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात स्थानिक समाजाला जी विशेष सूट आहे, तशी महाराष्ट्रात कोणासही नाही. सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका अद्यापि आहेत.

चाकणच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या रानाला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचा काही भाग चाकण ज्या तालुक्यात येते त्या खेड तालुक्यातच असून सांबर, भेकर व पिसोरी तेथे आहेत. चिंकाऱ्यासाठी बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य (१९९७, सु. ५ चौ. किमी.) राखले आहे, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावरही तो दिसतो. काळविटांसाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम २·१७ चौ. किमी. असल्याने कळप बाहेर पडून आसपासच्या शेतांत चरतात, व नुकसानभरपाईच्या मागणीच्या रूपाने कुणब्याची जुनी तक्रार पुन्हा पुढे येते.

मधल्या पट्ट्याची कथा वेगळी आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना सुरू झाला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथील माळ कारखान्यांनी भरले. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकणच्या माळावर मोटारींचे मोठे कारखाने त्यानंतर आले. फोक्सवॅगनचा २००९ मध्ये उघडला. या वसाहतीच्या मधोमध संग्रामदुर्गाचे काही बुरूज, खंदकाच्या खुणा व तटाचे अवशेष शिल्लक आहेत.